नातं नसल्याचा दाखला

"अभिनंदन, त्सिलाबाई," मॉइज म्हणाला. "तुम्ही तुर्की मुसलमान आहात."

त्सिला ग्लाझर सदुसष्ट वर्षं हैफात राहत होती. त्यातली अडतीस तिने औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून काढली होती, आणि डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात तिचा हात धरणारं सगळ्या हदार भागात कोणी नव्हतं. फक्त करड्या पुठ्ठ्याची ही एक पुस्तिका तिला कधी वाचता आली नाही, कारण ती तुर्कीत होती. लहानपणी आगगाडीने आलो त्या प्रवासाचा हा कसलासा परवाना असावा, अशी तिची समजूत होती. त्या दिवशी तिला घड्याळाचा पट्टा बदलायचा होता आणि घड्याळवाला मॉइज मूळचा इझमीरचा, म्हणून तिने पुस्तिकाही पर्समध्ये टाकली. एका फेरीत दोन कामं.

"नीट वाचा."

"नीटच वाचतोय. नाव नेर्मिन. धर्म इस्लाम. जन्म ल्यों, फ्रान्स, एकोणीसशे अडतीस. आई मादलेन, मयत. बाप मझहर तुनाली, ल्योंच्या तुर्की वकिलातीत उपवाणिज्यदूत." मॉइजने भिंग जवळ घेतलं. "आईबापांच्या लग्नाचा रकाना कोरा आहे. म्हणजे बाई, तुम्ही अनौरसही आहात. पट्टा काळा देऊ की तपकिरी?"

"काळा," त्सिला म्हणाली आणि दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसली.

तिची खरी आई मादलेन नव्हती, रेगिना होती. ती त्याच वकिलातीत टाइपरायटर बडवायची. वडील लेऑन शिंपी होते. त्रेचाळीसच्या शरद ऋतूत जर्मनांनी दोघांना यहुदी म्हणून एकाच सकाळी घरातून नेलं. त्सिला तेव्हा खालच्या मजल्यावर इमारतीच्या राखणदारणीकडे दूध प्यायला गेली होती, म्हणून राहिली. त्या बाईने मुलीला कोट घातला, हाताला धरलं आणि आई जिथे कामाला जायची तिथे नेऊन उभं केलं. दुसरा पत्ता तिला माहीत नव्हता.

पुढचं त्सिलाला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं. टोकदार मिशांचा एक माणूस. तो तिच्या कोटाची बटणं खालून वर लावायचा आणि तरी दर वेळी वर एक भोक उरायचं. मग तो गंभीर चेहऱ्याने सगळी सोडून पुन्हा लावायचा, जणू सरकारी मसुद्यात चूक राहिली आहे. मग अकरा दिवसांची आगगाडी. गाडीत त्याने तिला एकच धडा घोकवला होता : तुझं नाव नेर्मिन, आणि मी बाबा. एका स्टेशनवर करड्या गणवेशातला अधिकारी वाकून म्हणाला, हे गृहस्थ तुझे कोण? ती म्हणाली, बाबा. अधिकाऱ्याने सलाम केला. मग इस्तंबूल, एका यहुदी कुटुंबाचं घर, आणि दोन महिन्यांनी पंचवीस पोरक्या मुलांबरोबर हैफाची गाडी. फलाटावर तो टोपी हातात धरून उभा होता. तेवढंच.

त्याला ती जन्मभर मनातल्या मनात 'आगगाडीतले बाबा' म्हणत आली. आता त्याला नाव मिळालं होतं, आणि नाव मिळाल्यावर काय करायचं हे तिच्या देशात सगळ्यांना माहीत असतं. युद्धात यहुद्यांना वाचवणाऱ्या परधर्मीयांचा गौरव करणारी एक समिती जेरुसलेममध्ये आहे. ती पदक देते, सन्मानपत्र देते आणि बागेतल्या दगडी भिंतीवर नाव कोरते. माणूस हयात नसला तरी कोरते. बहुतेक नसतोच.

त्सिलाने अर्ज केला. सोबत पुस्तिकेची प्रत जोडली. आपण चांगला पुरावा जोडला, असं तिला वाटलं.

चार महिन्यांनी समितीच्या संशोधक हदास पेलेग स्वतः हैफाला आल्या. पत्र पाठवण्याऐवजी माणूस आलं, तेव्हाच त्सिलाचा मुलगा अमनोन सावध झाला. अमनोन विमा कंपनीचा सर्व्हेअर होता आणि पंचवीस वर्षं लोकांच्या खरेपणावर संशय घेऊन पोट भरत होता.

हदासबाईंनी चहाला हात लावला नाही. "बाई, तुमच्या साहेबांनी काम फारच चोख केलंय."

"म्हणजे चांगलंच ना?"

"तीच अडचण आहे." त्यांनी फाइल उघडली. "जन्माची नोंद. देवी टोचल्याचा दाखला. आईच्या मृत्यूचा दाखला. एका बाळाचा फोटो, कुणाचा ते देव जाणे. आणि हा अर्ज. नोंद पाच वर्षं उशिरा केल्याबद्दल वरिष्ठांकडे मागितलेली माफी." त्या वाचू लागल्या. "'सदर मुलगी ही माझ्या नैतिक स्खलनाचं फळ असून, ते लपवण्याच्या भित्रेपणामुळे मी ती आजवर नोंदवली नाही. या वर्तनाबद्दल मला खरोखर लाज वाटते.' खाली सही. साक्षीदारांच्या सह्या दोन. शिक्के तीन."

"खोटं आहे ते सगळं," त्सिला म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं. पण समितीसमोर 'वाटतं' चालत नाही. आज कागदावर तुम्ही त्यांची पोटची मुलगी आहात. पोटच्या मुलीला वाचवलं म्हणून पदक द्यायचं तर आम्हाला निम्म्या युरोपाला द्यावं लागेल."

"पण मी सांगते आहे ना!"

"तीही अडचणच आहे. तुम्ही मुलगी, म्हणजे नातेवाईक. नातेवाइकाची साक्ष धरत नाहीत."

 अमनोन कौतुकाने म्हणाला, "वा. आमच्या कंपनीत असा एक माणूस हवा होता."

"दुसरे कोणी नाहीत का?" त्सिलाने विचारलं. "त्यांनी फक्त मलाच थोडंच वाचवलं असेल?"

"त्या वर्षात त्यांच्या हस्ताक्षरातल्या एक्केचाळीस नोंदी आहेत. खऱ्या असतील, खोट्या असतील. ती माणसं त्या नावांनी जगाच्या पाठीवर कुठेही सापडत नाहीत. सापडलेली, जिवंत आणि बोलणारी अशा तुम्ही एकट्या. आणि तुम्ही त्यांची मुलगी निघालात. तुमची एक नोंद खोटी ठरली, तर मात्र बाकीच्या चाळीस उघडता येतील."

जाताना हदासबाई दारात थांबल्या. "त्यांच्या घरचं कोणी आहे का बघा. सख्खं. एवढंच सांगायला आले होते, आणि हे मी सांगितलेलं नाही."

घरचं माणूस मॉइजच्या चुलतभावाने आठवड्याभरात शोधून काढलं. मझहर तुनालींची सगळ्यांत धाकटी बहीण बेल्किस इझमीरला कार्शियाकात समुद्राकडे तोंड करून एकटी राहत होती. वय पंच्याऐंशी. निवृत्त भूगोल शिक्षिका. शिकली फ्रेंच जोगिणींच्या शाळेत आणि त्सिलाला लहानपणची फ्रेंच येत होती, त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता. तुर्कीत साहेबांना बे आणि बाईंना हानिम म्हणतात, हे मॉइजला विचारून त्सिलाने फोन लावला आणि आधीच लिहून ठेवलेलं वाक्य वाचलं : मी हैफाहून बोलते आहे, मझहर बेंच्या कागदांत माझं नाव नेर्मिन आहे.

 पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज.

"सत्तर वर्षांनी आठवण झाली वाटतं," बेल्किस हानिम म्हणाल्या. "हे बघ. घर चौऱ्याहत्तर साली विकलं. ऑलिव्हची झाडं मधल्या भावाने घेतली, त्याची पोरं ती विकून जर्मनीला गेली. माझ्याकडे एक रेडिओ आहे आणि तो चालत नाही."

"मला काहीही नको."

"असंच म्हणतात सुरुवातीला."

"बेल्किस हानिम, मी त्यांची मुलगी नाही."

"कोणी शिकवलं तुला हे? वकिलाने?"

त्सिलाने मग सगळं सांगितलं. आईचा टाइपरायटर, राखणदारीण, बटणं, अकरा दिवस.  शिक्षिका असल्यामुळे मुलांनी धडा संपवेपर्यंत थांबायची बेल्किस हानिमना सवय होती. मग त्या म्हणाल्या, "तुला एक सांगू? आमच्या घरात तुझं नाव घ्यायला बंदी होती. तू आमच्या घराण्याला लागलेला बट्टा आहेस."

परदेशात नोंद झाली की तिची एक प्रत बापाच्या गावच्या कचेरीत पाठवायची, असा नियम होता. ती पाठवली नसती तर कोणी चौकशीची तार केली असती आणि भांडं फुटलं असतं. मझहर बेंनी नियमाप्रमाणे प्रत पाठवली. इझमीरच्या कचेरीतला कारकून शेजारच्या बाईंचा नवरा होता. दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या आळीला कळलं की तुनालींच्या थोरल्याने फ्रान्समध्ये लग्नाशिवाय पोर केली आहे.

"युद्ध संपल्यावर तो घरी आला, तेव्हा आईने त्याला टेबलावर ताट मांडलं नाही. तो स्वयंपाकघरात जेवायचा. माझं लग्न ठरलं होतं, धान्यवाल्यांच्या मुलाशी. तुझी बातमी ऐकली आणि त्यांनी ते मोडलं."

"मला फार वाईट वाटतं."

"नको वाटून घेऊस. तो मुलगा पुढे राजकारणात गेला." त्या पुढे म्हणाल्या. "पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मी मझहरला म्हटलं, तुझ्या पापाची फळं मी का भोगू? तो संत्रं सोलत होता. त्याने अर्धं मला दिलं. एक शब्द बोलला नाही. बावीस वर्षं मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. सदुसष्ट साली तो गेला. आणि आता तू फोन करून सांगतेस, तू त्याची नाहीस."

"नाही."

"पुरावा?"

त्सिलाला हसू आलं. पलीकडची बाई जेरुसलेमच्या समितीत शोभली असती.

तोडगा अमनोनने काढला. बेल्किस सख्खी बहीण. नेर्मिन खरी मुलगी असेल तर दोघींचं रक्त आत्या-भाचीचं असलं पाहिजे. नसेल, तर नसलं पाहिजे. "आई, फक्त थुंकायचंय. ह्या नळीत तू, त्या नळीत त्या. मामला खलास."

मामला खलास व्हायला आणखी सात महिने लागले, कारण त्सिलाच्या देशात नात्याची अशी तपासणी कोर्टाच्या हुकमाशिवाय करता येत नाही. बापाच्या शोधात कोणीही उठून कुठेही थुंकू नये, असा त्या कायद्याचा साधारण आशय आहे. कौटुंबिक कोर्टात त्सिलाचा नंबर लागला तेव्हा तिच्या आधी एक पोटगीचं प्रकरण होतं आणि नंतर दोन. न्यायाधीश पन्नाशीच्या बाई होत्या आणि सकाळपासून त्यांनी माणुसकीबद्दल बरंच ऐकलं असावं.

"इथे लोक बाप मिळवायला येतात," त्या अर्ज चाळत म्हणाल्या, "नाहीतर बापपण टाळायला येतात. आपण?"

"तो माझा बाप नाही हे सिद्ध करायला."

"हयात आहे?"

"नाही. सदुसष्टमध्ये वारले."

"मागे काही ठेवलंय त्यांनी?"

"मला," त्सिला म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. मग अर्ज पहिल्या पानापासून नीट वाचला, आणि मागची दोन्ही प्रकरणं खोळंबली. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि ते खरोखरच वडील निघाले तर?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी सही केली.  हुकूम मिळाला.

पण तो प्रश्न तिच्याबरोबर घरी आला. निकालाला तीन आठवडे होते. पहिला आठवडा तिने कपाटं आवरली. दुसऱ्या आठवड्यात तिने हदासबाईंना सहज म्हणून विचारलं, मझहर बे ल्योंला कोणत्या साली रुजू झाले? सदतीस, उत्तर आलं. त्सिलाचा जन्म अडतीसच्या नोव्हेंबरातला. औषधवाल्या बाईला महिने मोजायला बोटं लागत नाहीत.

आई तिथे टाइपिस्ट होती. तो माणूस एकटा होता. आणि कशासाठी एखादा परका मनुष्य एका टाइपिस्टच्या पोरीसाठी आपल्या नावाला स्वतःच्या हाताने काळं फासेल? सगळं पोटच्या मुलीसाठीच असेल, तर मग उत्तर सोपं होतं. मग पदक नाही, भिंत नाही, बाकीच्या चाळीस नोंदी बंदच राहतील. आणि शिंपी लेऑन, ज्याच्याबद्दल तिला एवढंच आठवत होतं की त्याच्या तोंडात नेहमी टाचण्या असत आणि त्यामुळे तो ओठ मिटून हसायचा, तो तिचा कोणी लागत नव्हता.

हे भयंकर होतं. त्याहून भयंकर हे होतं की मनाच्या एका कोपऱ्यात तिला ते हवं होतं. लेऑनचा आवाज तिला आठवत नव्हता. मझहर बेंचा आठवत होता. तिने आयुष्यात बाबा अशी हाक एकाच माणसाला मारल्याची तिला आठवण होती आणि आता त्याच्या सन्मानासाठी ती हाक खोटी ठरावी म्हणून तिने कोर्टात अर्ज केला होता. तिला त्याचं नाव भिंतीवर हवं होतं आणि तो बापही हवा होता. प्रयोगशाळेत दोन्ही मिळत नाही.

"काय होतंय, त्सिलाबाई?" मॉइजने एकदा विचारलं. "बाळंतपण जवळ आल्यासारख्या फिरताय."

"बाप होणार आहे," ती म्हणाली. "किंवा नाही."

निकाल आला तो अमनोनने तिच्या जेवणाच्या टेबलाशी उभं राहून वाचला. मॉइज दुकान बंद करून आला होता आणि त्याच्या हातात पुठ्ठ्याची बंद पेटी होती. अमनोनने अर्धं पान आकडे वाचले, कारण वाचायची त्याला तशीच सवय होती. मग म्हणाला, "थोडक्यात : नमुना क्रमांक एक आणि नमुना क्रमांक दोन यांच्यात रक्ताचं कोणतंही नातं नाही."

"नक्की?"

"आई, इतका स्वच्छ नकार मी आमच्या कंपनीतसुद्धा पाहिलेला नाही."

मॉइजने पेटी उघडली. आत गरम बोरेकस होते, पापुद्र्यांचे पॅटिस, चीजचे आणि पालकाचे. "मुलगा झाला म्हणून वाटलेत," तो म्हणाला, "सून सोडून गेली म्हणूनही वाटलेत. बाप नाही म्हणून पहिल्यांदाच वाटतोय. घ्या."

त्सिला ओट्याशी गेली आणि तिने नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत होता. अमनोन उठायला लागला तेव्हा मॉइजने त्याला खांदा दाबून खाली बसवलं. "बस. तुझ्या आईचा बाप वारलाय. आणि तो किती मोठा माणूस होता हे तिला आजच कळलंय. दोन्ही एकदम झालं की वेळ लागतो."

कारण सोपं उत्तर आता उरलं नव्हतं. तो माणूस तिचा कोणीही नव्हता. एका सकाळी दारात कोट घातलेली एक पोर उभी राहिली, आणि त्याने फार विचार न करता, किंवा फार विचार करून, सर्वांत चांगल्या शाईने लिहून दिलं की ही माझी. आणि चोवीस वर्षं ते निस्तरलं.

तिने तोंड धुतलं आणि इझमीरला फोन लावला.

"नाही," ती म्हणाली.

"नाही?" बेल्किस हानिमनी विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे त्याने माझं लग्न एका परक्या पोरीसाठी मोडलं."

"हो."

"केवढी होतीस तू?"

"पाच वर्षांची."

 मग बेल्किस हानिम म्हणाल्या, "त्याला तर अंडंसुद्धा उकडता यायचं नाही. अकरा दिवस काय खाल्लंत तुम्ही?" आणि त्या रडू लागल्या. पंच्याऐंशी वर्षांची शिक्षिका रडते तशा, मधूनमधून स्वतःलाच गप्प बस म्हणत.

समितीने वसंतात निर्णय दिला आणि समारंभ ऑक्टोबरात ठेवला. तेव्हा दोन्ही देशांचं आपसात बोलणं नव्हतं, आणि बेल्किस हानिमच्या भाचेसुनांनी त्यांना तिकडे न जाण्याची नऊ कारणं सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि गुडघ्याचा पट्टा बांधून विमानात बसल्या.

जेरुसलेमच्या बागेत भिंतीपुढे खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत नातेवाईक, दुसऱ्या रांगेत वाचलेले, असा शिरस्ता होता. बेल्किस हानिम पहिल्या रांगेत बसल्या, त्सिला बरोबर त्यांच्या मागे. पदक स्वीकारताना बेल्किस हानिमनी भाषण केलं नाही. भिंतीवर कोरलेल्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि मग बोटाला धूळ लागली का ते पाहिलं.

मग त्सिलाची पाळी आली. तिने चार पानं लिहून आणली होती. ती तिने तशीच हातात ठेवली.

"मझहर तुनाली यांच्याशी माझं काहीही नातं नाही," ती म्हणाली. "म्हणूनच आपण इथे जमलो आहोत."

दुसऱ्या रांगेत कोणीतरी हसलं.

"मी अडतीस वर्षं हैफातल्या लोकांना खोकल्याची औषधं दिली. लहान मुलांना गोड, मोठ्यांना कडू. त्यातला चमचा न् चमचा त्यांचा आहे. माझा मुलगा माझ्यापेक्षा उंच आहे, त्याच्या मुली त्याच्यापेक्षा हट्टी आहेत. ते सगळं त्यांचं आहे. त्यांनी मला जीव दिला, असं मला म्हणता येत नाही. तो रेगिना आणि लेऑन या दोघांनी दिला. ह्यांनी तो आपल्या नावावर जपून ठेवला. आपलं नाव खराब करून. त्यांना कोणी थँक्यू म्हटलं नाही. मी तेव्हा पाच वर्षांची होते आणि मला वाटलं, बाबांना काय थँक्यू म्हणायचं. आज म्हणते."

ती खाली बसली. समोरून, मागे न वळता, बेल्किस हानिमचा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे आला आणि त्याने त्सिलाचा गुडघा थोपटला.

समारंभानंतर बेल्किस हानिम नऊ दिवस हैफाला राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्सिलाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वांगी कशी भाजायची यावरून दोघींचं भांडण झालं आणि ते दोन दिवस चाललं. मॉइज रोज दुपारी घड्याळात किती वाजले ते सांगायच्या निमित्ताने यायचा आणि जुन्या इझमीरच्या दुकानांची नावं घेत जेवून जायचा. हदासबाईंचा फोन आला : बाकीच्या चाळीस नोंदींपैकी सहांचा माग लागला आहे, त्यातले एक गृहस्थ माँटेव्हिडिओत दंतवैद्य आहेत. बेल्किस हानिमनी ते ऐकून विचारलं, "त्याला पण मुलगा म्हणून नोंदवलंय की काय?" "नाही," त्सिला म्हणाली, "त्याला स्वयंपाकी म्हणून." "हुशार," बेल्किस हानिम म्हणाल्या. "आमच्या मझहरला उपाशी नव्हतं राहायचं."

निरोपाच्या दिवशी अमनोनने दोघींना विमानतळावर सोडलं. सामान तपासायच्या आधी तिथे एक मुलगी प्रत्येकाला प्रश्न विचारते. ही जेमतेम बावीसची होती, हातात फॉर्म, चेहऱ्यावर कर्तव्य. बेल्किस हानिमना हिब्रू येत नव्हती आणि मुलीला फ्रेंच, म्हणून त्सिला मध्ये उभी राहिली.

"या कोणाकडे उतरल्या होत्या?"

"माझ्याकडे."

"किती दिवस?"

"नऊ."

मुलीने तुर्की पासपोर्टाकडे पाहिलं, मग त्सिलाकडे. "तुमचं यांच्याशी नातं काय?"

त्सिलाने जन्मात सरकारी माणसाला खोटं सांगितलं नव्हतं, एक अपवाद सोडून, आणि तेव्हा ती पाच वर्षांची होती. "काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही? मग नऊ दिवस तुमच्या घरी?"

"कोर्टाच्या हुकमाने तपासणी झालेली आहे." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून दिला. मुलीने तो वाचला. पहिल्यापासून पुन्हा वाचला. नमुना क्रमांक एकच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि नमुना क्रमांक दोन तिच्या पर्समध्ये गुपचूप अंजीर कोंबत होता.

"बाई," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही दोघी एकमेकींच्या कोणी नाही याचा दाखला पर्समध्ये घेऊन फिरता?"

"हो. फार कष्टाने मिळवलाय."

"काय म्हणते ती?" बेल्किस हानिमनी फ्रेंचमध्ये विचारलं.

"विचारते आहे, तुम्ही माझ्या कोण."

"एवढा वेळ लागतो होय सांगायला? माझं विमान आहे."

त्सिलाने मुलीच्या हातून कागद परत घेतला, त्याची नीट घडी घातली.

"आत्या," ती म्हणाली. "आत्या लिहा."

"पण यात तर सिद्ध झालंय की..."

"झालंय ना सिद्ध? मग आता लिहायला काय हरकत आहे?"

मागे रांग वाढत चालली होती. मुलीने एकदा दोघींकडे पाहिलं आणि फॉर्मवर लिहिलं.